विरजणाचा शास्त्रज्ञ : इल्या मेचनिकोव्ह

गेल्या पावसाळ्यात माझ्या बहिणीच्या लेकराला चार महिन्यांत पाच वेळा ताप आला. तिला भालकीकडच्या एका खेड्यात दिलंय. ताप चढायचा, तीन-चार दिवस राहायचा, औषधानं उतरायचा, आणि पंधरा-वीस दिवस झाले की परत हजर. दर वेळी अँटिबायोटिकची गोड बाटली यायची आणि ती संपेपर्यंत लेकराचं पोट बिघडलेलं असायचं. पाचव्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त-लघवीच्या तपासण्या लिहून दिल्या, आणि औषधाच्या जोडीला एक पुडीही दिली. पुडीत काय आहे म्हणून विचारलं तर कळलं, जिवंत जंतू. दह्यात असतात तसले, पण निवडलेले आणि मोजलेले.

आमची आई घरी येऊन फणफणली. तापातल्या लेकराला दही-ताक लावू नये म्हणून आपण जन्मभर जपलं, आणि हे डॉक्टर दह्यातले जंतू पुडीत भरून देतात, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की ही पुडी म्हणजे तापाचं औषध नाही, ती औषधाच्या जोडीला आहे. आईचं समाधान काही झालं नाही. माझंही अर्धवटच झालं होतं. मग ही जंतू खायला घालायची कल्पना पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आली, याचा मी शोध घेत बसलो आणि एका दाढीवाल्या रशियन माणसापाशी येऊन थांबलो. पुस्तकांत त्यांचं नाव नोबेल विजेता म्हणून येतं. पण मला धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. या माणसानं उलटून येणारा ताप स्वतःच्या अंगात टोचून घेतला होता.

इल्या इलिच मेचनिकोव्ह यांचा जन्म मे 1845 चा. गाव आजच्या युक्रेनमधल्या खारकिव्हच्या बाजूचं, तेव्हा ते सगळं रशियन साम्राज्यात होतं. वडील झारच्या सैन्यातले अधिकारी, पाच भावंडांत इल्या शेंडेफळ. पोरगा अतिशय चळवळ्या आणि तितकाच हळवा. झाडंझुडपं, किडेमुंग्या यांचं वेड इतकं की आठ वर्षांचा असताना तो भावंडांना आणि गावातल्या पोरांना वनस्पतींवर व्याख्यान द्यायचा आणि त्यांनी शेवटपर्यंत बसावं म्हणून आपल्या खाऊच्या पैशातून त्यांनाच पैसे द्यायचा! (आपल्या साहित्य मंडळाला ही युक्ती सुचवायला हरकत नाही.) पुढे त्याला डॉक्टर व्हायचं होतं. आईनं अडवलं. दुसऱ्याचं दुखणं तुला सोसवणार नाही, असं तिनं सांगितलं. लेकरू ऐकणारं होतं, प्राणिशास्त्राकडे वळलं. म्हणजे वैद्यकाला नवी दिशा देणारा हा माणूस शेवटपर्यंत डॉक्टर नव्हता, आणि हे त्याला पुढे बरेच जणांनी ऐकवलंही.

खारकिव्ह विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम इल्यानं दोन वर्षांत संपवला. मग जर्मनी, इटली, समुद्रकाठचे बारके जीव, सूक्ष्मदर्शक. डोळे अधू, तरी दिवसचे दिवस भिंगाला डोळा लावून बसायचं. बाविसाव्या वर्षी ओदेसाच्या विद्यापीठात शिकवायला लागले, तेव्हा काही विद्यार्थी त्यांच्यापेक्षा वयानं मोठे होते.

1869 मध्ये त्यांचं लग्न ल्युदमिला नावाच्या मुलीशी झालं. तिला क्षय होता. लग्नाच्या दिवशीही ती इतकी अशक्त होती की खुर्चीत बसवून तिला चर्चमध्ये न्यावं लागलं. पुढची चार वर्षं मेचनिकोव्हांनी तिला जगवण्यासाठी काय केलं नाही? हवापालट, उसनवारी, रात्री जागून केलेली भाषांतरं. 1873 मध्ये मदेरा बेटावर ती गेली. क्षयाचा जंतू कॉखला सापडायला अजून नऊ वर्षं होती. औषध तर कुठेच नव्हतं. मेचनिकोव्ह पार खचले, आणि त्या काळात त्यांनी स्वतःला संपवायचा प्रयत्न केला. वाचले. हा भाग चरित्रकार चटकन उरकतात. मला तो उरकावासा वाटत नाही. कारण पुढे आयुष्यभर म्हातारपण, मरण आणि आजार यांच्याशी या माणसानं जी हुज्जत घातली, तिची सुरुवात या मदेरातल्या खोलीत आहे असं मला वाटतं.

दोन वर्षांनी त्यांनी ओल्गाशी लग्न केलं. ती वयानं बरीच लहान, त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मोठ्या कुटुंबातली. हा संसार शेवटपर्यंत टिकला आणि मेचनिकोव्हांचं सगळ्यात जवळून लिहिलेलं चरित्रही पुढे ओल्गानंच लिहिलं. पण 1880 मध्ये तिलाही विषमज्वर झाला, आपण ज्याला मुदतीचा ताप म्हणतो तो. पुन्हा तीच उशापायथ्याची जागरणं. ती उठली, पण मेचनिकोव्ह मनानं पडले. विद्यापीठात राजकारण चाललेलं, प्रकृती ढासळलेली, छातीत धडधड. अशा अवस्थेत 1881 मध्ये त्यांनी उलटणाऱ्या तापाच्या रोग्याचं रक्त घेऊन स्वतःला टोचलं. जीव गेला तर गेला, आणि हा आजार रक्तातून जातो का ते तरी विज्ञानाला कळेल, असा तो विचित्र हिशोब होता.

हा उलटणारा ताप आपल्याला परका नाही. पाच-सात दिवस फणफणतो, मग रोगी बरा झालासा वाटतो, आणि आठवड्याभरानं पुन्हा तसाच चढतो. स्क्रूसारखा पीळदार जंतू, तो उवांमार्फत पसरतो. 1876 ते 78 च्या दख्खनच्या दुष्काळात पोटासाठी गावं सोडून लोक मुंबईकडे निघाले, तेव्हा मुंबईत याच तापाची साथ आली. तिथे हेन्री व्हॅनडाइक कार्टर या डॉक्टरांनी रोग्यांच्या रक्तात तो पीळदार जंतू पाहिला आणि 1882 मध्ये पश्चिम भारतातल्या या दुष्काळी तापावर पुस्तकच लिहिलं. हे तेच कार्टर, ज्यांनी काढलेल्या आकृत्यांमुळे ग्रे यांचं शरीररचनेचं पुस्तक जगभर गाजलं. त्यांना स्वतःलाही हा ताप झाला होता. म्हणजे मुंबईत कार्टर आणि ओदेसात मेचनिकोव्ह, थोड्याच वर्षांच्या अंतरानं दोघांच्या अंगात एकच जंतू फिरून गेला.

मेचनिकोव्ह मरणाच्या दारातून परत आले. ओल्गा लिहिते की त्या तापानंतर त्यांचे दुखरे डोळे सुधारले आणि जगण्याची गोडीही परत आली. तापानं डोळे बरे झाले असं कुणी समजू नये. पण माणूस बदलला हे खरं. आधीचा खिन्न मेचनिकोव्ह इथे संपतो आणि पुढे भेटतो तो हट्टी, भांडखोर, कमालीचा आशावादी मेचनिकोव्ह.

1882 मध्ये त्यांनी विद्यापीठाचा राजीनामा दिला आणि ओल्गाच्या धाकट्या भावंडांना घेऊन सिसिली बेटावरच्या मेस्सिना गावी जाऊन राहिले. डिसेंबरचे दिवस होते. एक दिवस घरचे सगळे सर्कशीतली माकडं पाहायला गेले. हे एकटे घरी, सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाचं पिल्लू. ते पिल्लू काचेसारखं पारदर्शक, आतल्या पेशी हिंडताना दिसतात. त्या पेशींकडे पाहता पाहता त्यांना वाटलं, या नुसत्या हिंडत नाहीत, राखण करत असतील. बाहेरून काही घुसलं तर त्या धावून जात असतील. तपासायचं कसं? अंगणात आले. पोरांसाठी नाताळचं झाड म्हणून एक संत्र्याचं रोपटं नुकतंच सजवलं होतं, आणि शेजारी गुलाब होता. गुलाबाचे बारीक काटे तोडले आणि त्या पिल्लांच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर झोप नाही. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा.

बाभळीचा काटा पायात मोडला की दुसऱ्या दिवशी ठणकतो आणि पू धरतो, हे आपल्याकडच्या शेतात फिरणाऱ्या कुणालाही माहीत आहे. मेचनिकोव्हांच्या मनातही हाच दाखला होता. फरक एवढाच की तोवर बहुतेक डॉक्टर पुवाला घाण समजत, आणि पुवातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना अंगभर वाहून नेतात असं मानत. मेचनिकोव्ह म्हणू लागले, उलट आहे. त्या पेशी जंतूंना खातात. सूज म्हणजे आजार नाही, आजाराशी चाललेली झुंज आहे. या खादाड पेशींना फॅगोसाइट हे नाव व्हिएन्नातल्या प्राध्यापक क्लाउस यांच्याकडून मिळालं. आपण भक्षक पेशी म्हणतो.

यानंतर पंचवीस वर्षं भांडणात गेली. जर्मनीतली मंडळी सांगत होती की शरीर वाचतं ते रक्तातल्या द्रवामुळे, त्यातल्या विषनाशक पदार्थांमुळे, पेशींमुळे नव्हे. मेचनिकोव्ह परिषदेत उभे राहिले की केस विस्कटलेले, खिशात कागदांचे भेंडोळे, आवाज चढलेला. दोन्ही बाजू खऱ्या होत्या हे ठरायला वेळ लागला. 1908 चं नोबेल पेशींच्या बाजूच्या मेचनिकोव्हांना आणि द्रवाच्या बाजूच्या पॉल अर्लिख यांना वाटून दिलं गेलं.

मधल्या काळात ओदेसात त्यांनी पिसाळलेल्या कुत्र्याच्या लशीसाठी प्रयोगशाळा चालवली. ती फार काळ धकली नाही. गावातले डॉक्टर म्हणत, हा डॉक्टर नव्हे. वर मेंढ्यांच्या लशीत घोळ होऊन पुष्कळ मेंढ्या मेल्या. 1888 मध्ये ते पॅरिसला गेले, लुई पाश्चर यांनी नव्या संस्थेत प्रयोगशाळा दिली, आणि मग मरेपर्यंत तेच त्यांचं घर झालं.

पॅरिसच्या त्या घरातून एक धागा सरळ आपल्याकडे येतो. ओदेसात त्यांचा एक ज्यू विद्यार्थी होता, वाल्देमार हाफकिन. ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा वस्तीच्या बचावाला उभा राहिला म्हणून तो पकडला गेला. मेचनिकोव्हांनी खटपट करून सोडवला. पुढे तोही पॅरिसला आला आणि ग्रंथालयात साहाय्यकाची नोकरी करत पाश्चर संस्थेत काम करू लागला. पटकीची लस त्यानं तिथे केली. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, सरकारनं हाफकिनला बोलावलं, आणि 10 जानेवारी 1897 ला प्लेगची नवी लस त्यानं आधी स्वतःला टोचून घेतली. गुरूनं ताप टोचून घेतला होता, चेल्यानं लस. दुसऱ्याच वर्षी हुबळीत ही लस मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. परळची हाफकिन संस्था आजही उभी आहे. आपल्या भागातल्या किती जणांना माहीत असेल, की ती एका अर्थानं मेचनिकोव्हांचं नातवंड आहे?

आता दह्याकडे येतो.

पन्नाशी उलटल्यावर मेचनिकोव्हांना म्हातारपणानं घेरलं, म्हणजे प्रश्न म्हणून. माणूस इतक्या लवकर का म्हातारा होतो? त्यांचं उत्तर असं, की मोठ्या आतड्यात अन्न सडवणारे जंतू राहतात, ते विष तयार करतात आणि ते विष अंगभर भिनतं. मग उपाय? दूध नासतं पण दही लवकर नासत नाही, कारण दह्यातले जंतू आंबट आम्ल तयार करतात आणि सडवणाऱ्या जंतूंना ते सोसत नाही. तसंच आतड्यात करायचं. बल्गेरियातले खेडूत रोज आंबट दूध पितात आणि खूप जगतात, अशा बातम्या तेव्हा येत होत्या. 1905 मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन डॉक्टरनं जिनिव्हात तिथल्या दह्यातला जंतू वेगळा काढला. मेचनिकोव्ह स्वतः रोज दूध उकळून, त्यात शुद्ध जंतूंचं विरजण लावून ते खात. आपल्या आया-आज्या जे करतात तेच, फक्त कालच्या दह्याच्या चमच्याऐवजी प्रयोगशाळेतली कुपी. विरजण हा शब्द मला या ठिकाणी फार नेमका वाटतो. कानडीत हेप्पु म्हणतात. थोडंसं चांगलं घालायचं आणि सगळ्याला आपल्यासारखं करून घ्यायचं, पोटालाच विरजण लावायचा त्यांचा बेत होता.

1904 मध्ये पॅरिसला म्हातारपणावर त्यांनी भाषण केलं आणि वर्तमानपत्रांनी एकच गलका केला. दही खा, शंभर वर्षं जगा! पॅरिस-लंडनमध्ये दही आणि दह्याच्या गोळ्या औषधाच्या दुकानात विकायला लागल्या. त्यांचं नाव छापून माल खपू लागला आणि त्यातून तेच पैसा करतात असा आरोपही झाला. त्यांनी इतकं सरधोपट कधी सांगितलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्यांचाही थोडा दोष होताच. पुरावा होता शेरभर आणि विश्वास मणभर. मोठं आतडं माणसाला जवळजवळ निरुपयोगी आहे, इथपर्यंत ते गेले. लंडनचे एक नामांकित सर्जन आर्बथनॉट लेन तर लोकांचं मोठं आतडं कापून काढू लागले. आणि ज्या बल्गेरियन जंतूवर एवढा भर, तो माणसाच्या आतड्यात वस्ती करून राहत नाही, हे मेचनिकोव्ह गेल्यानंतर पाचेक वर्षांतच दिसून आलं.

लहान लेकरांच्या बाबतीत जास्त भक्कम काम त्याच संस्थेत त्यांच्या शेजारी चाललं होतं, आणि त्याचा गवगवा कमी झाला. हेन्री तिसिये हे बालरोगतज्ज्ञ. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये त्यांना 1899 च्या सुमारास एक फाटे फुटलेला, इंग्रजी वाय अक्षरासारखा जंतू सापडला. आज त्याला बिफिडोबॅक्टेरियम म्हणतात. जुलाब लागलेल्या बाळांत हा जंतू कमी दिसायचा. मग हाच जंतू बाळांना दिला तर? ही कल्पना तिसिये यांनी मांडली. बहिणीच्या लेकराच्या पुडीवर छापलेल्या नावांत हे नाव आहे. मी भिंग घेऊन वाचलं. मेचनिकोव्हही शेवटच्या वर्षांत बाळांच्या उन्हाळी हगवणीवर काम करत होते. स्वतःचं मूल त्यांना नव्हतं.

साहित्य मंडळाच्या अंकात लिहितोय म्हणून एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. मेचनिकोव्हांचा थोरला भाऊ इव्हान इलिच न्यायखात्यात होता आणि 1881 मध्ये वारला. टॉलस्टॉय यांची मरणावरची प्रसिद्ध कथा याच इव्हान इलिचवरून सुचली असं मानलं जातं. 1909 मध्ये मेचनिकोव्ह टॉलस्टॉयना त्यांच्या गावी जाऊन भेटले. एक मरणाकडे देवाच्या वाटेनं पाहणारा, दुसरा सूक्ष्मदर्शकातून. दिवसभर बोलले, एकमेकांना पटले नाहीत, पण आदरानं निरोप घेतला. मेचनिकोव्ह देव मानत नव्हते. आपल्या कॉलेजच्या अंकात हे लपवून लिहायचं कारण नाही. ज्या माणसानं जन्मभर आजाऱ्याच्या उशाशी जागरण केलं त्याचा हिशोब करणारा मी कोण?

1915 च्या डिसेंबरात त्यांचं हृदय थकलं. महायुद्ध चालू होतं, प्रयोगशाळेतले तरुण आघाडीवर गेले होते. शेवटी त्यांना पाश्चर जिथे राहिले होते त्याच खोल्यांत नेऊन ठेवलं. डॉक्टर मित्राला त्यांनी बजावून ठेवलं होतं की मेल्यावर माझी आतडी नीट तपास. 15 जुलै 1916 ला ते गेले, वय 71. शंभर काही गाठता आली नाही. दह्याच्या विरोधकांनी याची चेष्टा केली, पण त्यांच्या घराण्यात बरेच जण त्याआधीच गेले होते, आणि ते स्वतः याच आकड्यावर समाधान मानत असत. त्यांची राख पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात एका कलशात ठेवलेली आहे.

मग त्या पुडीचं काय? मेचनिकोव्हांचं आयुष्य वाचून झाल्यावर मी पुन्हा त्या डॉक्टरांकडे गेलो, आणि थोडं वाचलंही. आतड्याच्या अस्तराखाली शरीराच्या राखणदार पेशींचा मोठा फौजफाटा असतो, हे आता पक्कं आहे. म्हणजे मेचनिकोव्हांचे दोन शोध, भक्षक पेशी आणि पोटातले जंतू, एकाच घरात राहतात. हे त्यांना नीटसं ठाऊक नव्हतं. पण त्यावरून दही खाल्लं की ताप येणार नाही, असं होत नाही. कुठला जंतू, किती, कुठल्या आजारात, हे एकेक करून तपासावं लागतं.

तपासलेलं जे आहे ते असं. अँटिबायोटिक घेणाऱ्या मुलांना जुलाब लागतात त्यावर पुष्कळ प्रयोग झाले. कॉक्रेन या संस्थेनं 2019 मध्ये असे 33 प्रयोग एकत्र पाहिले तेव्हा, जोडीला प्रोबायोटिक घेतलेल्या मुलांत शंभरात 8 जणांना जुलाब झाले, न घेतलेल्यांत 19 जणांना. हा फायदा खरा आहे. सर्दी-खोकला-घसा यांच्या वारंवार येण्यावर थोडा उपयोग दिसतो, पण पुरावा कच्चा आहे. ओडिशाच्या खेड्यांत पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेचार हजारांवर नवजात बाळांना आठवडाभर एक निवडक जंतू आणि त्याचं खाद्य दिलं. 2017 मध्ये तो निकाल आला. रक्तात जंतुसंसर्ग किंवा मृत्यू असं झालेली बाळं शंभरात 9 वरून 5 च्या आसपास आली. ही पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण दिवसांची, बऱ्या वजनाची, अंगावर पिणारी बाळं होती. उलट, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हेच जंतू कधी रक्तात शिरून घातकही ठरतात, त्यामुळे तिथे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हात लावायचा नाही. आणि मुलांत एक ताप असा असतो की घड्याळ लावल्यासारखा तीन-चार आठवड्यांनी येतो, तोंड येतं, घसा लाल होतो, मानेत गाठी येतात. त्यावर पुडीचा उपयोग होतो का याचे प्रयोग थोड्या मुलांवर झालेत. आशा आहे, एवढंच म्हणता येईल.

डॉक्टरांनी मला आणखी एक गोष्ट समजावली, ती आमच्या भागात जास्त लागू आहे. परत परत येणारा ताप हे एका आजाराचं नाव नाही. हिवताप असेल, मुदतीचा ताप अर्धवट दबलेला असेल, क्षय असेल, लघवीत जंतू असतील, किंवा नुसती शाळेतून एकामागोमाग आलेली सर्दी असेल. कारण सापडण्याआधी पुड्या देत बसलं तर दिवस जातात. औराद काय, आळंद काय, आपल्याकडे बाजाराच्या दिवशी लेकराला दाखवून आणायचं, एक सुई, दोन बाटल्या, आणि पुढच्या तापापर्यंत कुणी वळून बघायचं नाही, असंच चालतं. तपासणीला पैसे आणि एक दिवसाची मजुरी जाते हेही खरं आहे, ते विसरून शहाणपण सांगण्यात अर्थ नाही.

दह्या-ताकाबद्दलही विचारून घेतलं. घरच्या विरजणातले जंतू घराघरांत वेगळे, त्यांची मोजदाद नाही, म्हणून त्याला औषध म्हणता येत नाही. पण वर्षावरच्या लेकराला सोसत असेल तर तापात ताजं दही किंवा ताकभात द्यायला मनाई करायचं कारण नाही. फार आंबट नको. ताकाची कढी केली की त्यातले जंतू मरतात, चव राहते. ज्वारीची अंबील उकळून केली तरी तेच. आणि पुडी गरम दुधात घालायची नाही. हे मात्र आईला लगेच पटलं, कारण कढत दुधाला विरजण लावलं तर दही लागत नाही हे तिला कुणी शिकवायला नको.

बहिणीच्या लेकराच्या लघवीत जंतू निघाले. आधीच्या चार तापांत लघवी तपासायचं कुणालाच सुचलं नव्हतं. नेमकं औषध दिलं, सोनोग्राफी झाली, पुडी दहा दिवस चालली. या वेळी पोट बिघडलं नाही. संक्रांत झाली, होळी झाली, अजून ताप आलेला नाही. आई म्हणते, पुडीचा गुण. बहीण म्हणते, औषधाचा. लेकरू ताकभात मागतं.